प्रोग्रॅममध्ये वेळेची नोंद: पहाटेचं दूध कालच्या तारखेला पडू नये म्हणून

भूम-परांड्याकडच्या दूध संकलन केंद्रावर पहाटे ५:१० ला झालेलं दुधाचं माप यूटीसीत, म्हणजे जगभर संदर्भ म्हणून धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत, आदल्या दिवशीच्या २३:४० ला पडतं. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे, म्हणून मध्यरात्र ते पहाटे ५:३० मधली प्रत्येक नोंद तिथे कालच्या तारखेची असते. तारीख थेट यूटीसीवरून काढली की अकरा तारखेचं दूध आधीच्या दहा दिवसांच्या बिलात शिरतं आणि शेतकऱ्याचा हिशोब चुकतो.

१. झालेली घटना यूटीसीतच नोंदवा. पायथनमध्ये डेटटाइम.नाऊ(टाइमझोन.यूटीसी) वापरा. कंस रिकामा ठेवला तर वेळेला झोनच (ती कुठल्या प्रदेशाची वेळ आहे ही माहिती) चिकटत नाही. केंद्रावरच्या कॉम्प्युटरवर ती भारतीय निघते, सर्व्हरवर बहुधा यूटीसी. यूटीसीनाऊ() हे फंक्शनही असंच बिनझोनची वेळ देतं.

२. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर कॉलमचा प्रकार टाइमस्टॅम्पटीझेड ठेवा. मायएसक्यूएल या डेटाबेसचा डेटटाइम प्रकार दिलेली वेळ जशीच्या तशी ठेवतो, म्हणून त्यात यूटीसीच भरा. तिथला टाइमस्टॅम्प १९ जानेवारी २०३८ पुढे जात नाही.

३. पावतीवर छापताना पायथनच्या झोनइन्फो मॉड्यूलमधून ‘एशिया/कोलकाता’ घेऊन वेळ बदला. विंडोजवर त्यासाठी टीझेडडेटा पॅकेज बसवावं लागतं. साडेपाच तास हाताने मिळवू नका. पुढच्या कोडने ते पुन्हा मिळवले की ५:१० चं माप १०:४० दिसतं. भारतीय वेळेसाठी ‘आयएसटी’ हे नावही टाळा, इस्रायल आणि आयर्लंडची वेळही तीच अक्षरं लावते. जुन्या कोडमध्ये पायटीझेड या लायब्ररीचा झोन डेटटाइमच्या टीझेडइन्फो या पॅरामीटरमध्ये थेट दिलेला असेल तर यूटीसीपासूनचा फरक +५:३० ऐवजी +५:५३ येतो. वेळ २३ मिनिटांनी सरकलेली दिसली की आधी हेच तपासा. तिथे लोकलाइझ() वापरायला हवं.

४. रोजचा रिपोर्ट काढताना सीमा भारतीय मध्यरात्रीच्या धरा. ११ तारीख म्हणजे यूटीसीत १० तारखेच्या १८:३० पासून ११ तारखेच्या १८:३० च्या आधीपर्यंत. डेटाबेसच्या क्वेरीतला ‘बिटवीन’ दोन्ही टोकं धरतो, त्यामुळे ऐन मध्यरात्रीची नोंद दोन दिवसांत मोजली जाते. ‘पेक्षा मोठं किंवा समान’ आणि ‘पेक्षा लहान’ अशा दोन अटी लावा.

५. पुढे व्हायच्या गोष्टींचा नियम वेगळा. वाळूजच्या कारखान्याची जर्मन ग्राहकासोबत तिकडच्या सकाळी दहाला ठरलेली साप्ताहिक बैठक उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी १:३० ला असते, हिवाळ्यात २:३० ला, कारण जर्मनीत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात. अशा बैठकीसाठी जर्मनीतली स्थानिक वेळ आणि ‘युरोप/बर्लिन’ हा झोन हे दोन्ही साठवा.

शेवटी सर्व्हरचा झोन मुद्दाम ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ करून रात्री १२:१५, पहाटे ५:१५ आणि ५:४५ या तीन नोंदी टाका. तिन्ही त्याच भारतीय तारखेच्या बिलात दिसायला हव्यात.