जुनी पेट्रोल पिकअप मिसिंग करते तेव्हा: गॅरेजमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

'गाडी मिसिंग करते', म्हणजे मधूनच इंजिनाचा फटका चुकतो, म्हणून जुनी पिकअप आली की नवा मुलगा हमखास पहिला स्क्रूड्रायव्हर कार्बोरेटरला लावतो. लावू नये. पॉइंट-कंडेन्सरवर (डिस्ट्रिब्युटरमधला करंट तोडणारा स्विच आणि त्याचा जोडीदार) चालणाऱ्या इंजिनात कार्बोरेटरच्या नावावर खपवलेल्या बऱ्याच तक्रारी निघतात करंटच्या, म्हणजे ठिणगीच्या, आणि उगाच फिरवलेला स्क्रू मूळ दोष झाकून टाकतो.

इंजिन गरम करून स्लो रनिंगला ठेवा आणि सायलेन्सरच्या तोंडापासून जरा लांब तळहात धरा. ठरावीक अंतराने फटका चुकत असेल तर एखादा सिलिंडर मेलाय. कधीही, कसाही चुकत असेल तर पॉइंट, कंडेन्सर किंवा मिश्रण पाहावं लागेल. मग इन्शुलेटेड पक्कडीने प्लगची एकेक वायर काढा आणि तिचं टोक ब्लॉकला टेकवून ठेवा. वायर लटकत सोडली तर करंट डिस्ट्रिब्युटर कॅपमधून वाट काढतो आणि कॅप जाते. जी वायर काढल्यावर इंजिनाचा आवाज जराही पडत नाही, तो सिलिंडर कामाचा नाही. मात्र आधी वायरी योग्य क्रमाने लावल्यात का ते बघा: हरिकेन पेट्रोल इंजिनाच्या महिंद्रात 1-3-4-2, जुन्या शेवर्लेच्या सरळ सहा सिलिंडरला 1-5-3-6-2-4. (1928 ते 1954 शेवर्ले गाड्या आपल्या शिवडीतच जोडल्या जात, त्यातल्या काही अजून दारात येतात.)

आता कॉम्प्रेशन. सगळे प्लग काढा, कॉइलची वायर सोडा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरला चार-पाच झटके होईपर्यंत स्टार्टर मारा. आकडा किती यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. 10 टक्क्यांच्या आत असेल तर पुढे चला. एखादा बराच कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा, जागेवर राहिला तर व्हॉल्व्ह, आणि शेजारचे दोन्ही पडलेले असतील तर हेड गॅसकेट. व्हॉल्व्ह वाटला तर आधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाची फट, तपासा. देशात शिशाचं पेट्रोल 2000 साली बंद झालं. त्याआधीच्या इंजिनांतल्या व्हॉल्व्हच्या मऊ सीट शिशाविना झिजून व्हॉल्व्ह सीटमध्ये आत सरकतो, टॅपेटची फट बुजते आणि व्हॉल्व्ह जळतो.

कॉम्प्रेशन ठीक असेल तर करंटकडे वळा. इथे घाई नको. पॉइंटचं फायबर कॅमच्या उंचवट्यावर आणून फिलर गेजने फट मोजा. हरिकेनला 0.020 इंच, प्लगला 0.030. फायबर झिजत जातं तशी फट कमी होते आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडतं, म्हणून आधी फट, मग टायमिंग. उलटं केलंत तर दोनदा काम. पॉइंटच्या एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा दिसला तर नुसती कानस मारून भागवू नका, कंडेन्सरही बदला. पावसाळ्यात मुंबईत कॅप आतून ओली होते, आणि एकदा करंट पसरला की आत पेन्सिलीच्या रेघेसारखा काळा माग उमटतो. अशी कॅप पुसून चालत नाही, फेकायची. अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा. निळी ठिणगी कुठून उडते ते दिसतं. बॉडी-इंजिनमधली अर्थची पट्टीही सोडून घासा, खाऱ्या हवेने तिच्याखाली गंज धरतो.

मग मॅनिफोल्डला (कार्बोरेटरमधून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीला) व्हॅक्यूम गेज लावा. समुद्रसपाटीला काटा 17 ते 21 इंचांवर स्थिर हवा. (पुण्यात तेच इंजिन जवळपास दोन इंच कमी दाखवेल, त्यात दोष नाही.) एका लयीत झटका खाणारा काटा व्हॉल्व्हकडे बोट दाखवतो, स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे आहे किंवा मॅनिफोल्ड हवा खातोय. मॅनिफोल्डच्या गॅसकेटच्या कडेला साबणाचं पाणी ब्रशने लावा. इंजिनाचा आवाज क्षणभर बदलला की तिथेच गळती. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या वायपरची नळी लोक विसरतात, ती चिमटून बघा.

पेट्रोल सर्वांत शेवटी. ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) जुन्या रबराला मानवत नाही: नळ्या फुगतात, पंपाचा पडदा फाटतो. पडदा फाटला तर पेट्रोल इंजिनाच्या तळाशी ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं. डिपस्टिक हुंगा, ऑइलला वास येतोय आणि पातळी वाढलीय तर इंजिन तिथेच बंद करा. नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्याच घ्या. ई20मध्ये मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. प्लग पांढरे पडत असतील आणि हवा कुठेही जात नसेल, तरच मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाका.

शेवटी आयडल मिश्रणाचा स्क्रू हळू फिरवून व्हॅक्यूमचा काटा सर्वांत वर आणा आणि केम्प्स कॉर्नरकडून पेडर रोडचा चढ टॉप गिअरमध्ये चढवून बघा. स्लो रनिंगला गप्प असलेली गाडी चढावर लगेच तुटक झटके देऊ लागली तर आधी कॉइल आणि प्लग बघा. थोडं अंतर चढून मग दम सोडत असेल, तर पंपाचा दाब आणि टाकीतली गाळणी.