विंचू आधी विंचूच समजा

येळ्ळूरला माझ्याकडं शेजारपाजारची मुलं मराठीचा अभ्यास घेऊन येतात. एकनाथांचं ‘विंचू चावला’ हे भारूड काढलं की उत्तर तयार असतं, “काकू, विंचू म्हणजे राग.” गाईडात तसंच छापलंय. पण ‘कामक्रोध विंचू चावला’ असं नाथांनी स्वतःच सांगून टाकलंय की! त्यात आपण काय शोधलं?

जुनी कविता हातात घेतली की अर्थाकडं धावायचं नाही. आधी त्या वस्तूची नीट चौकशी करायची. मी मुलांना घरच्या म्हाताऱ्यांकडं पिटाळते: विंचू कुठं सापडतो, चावला की काय होतं, विचारून या. दगडाखाली, सरपणात सापडतो. लाल विंचू चावला तर दरदरून घाम सुटतो, छाती धडधडते, हातपाय गार पडतात. मग ‘तम घाम अंगासी आला’ ही ओळ परत वाचायची. तो घाम यमक जुळवायला आलेला नाही. (आता कुणाला चावला तर सरळ दवाखाना गाठा, अंगारा भारुडात राहू दे.)

मग माझी आवडती युक्ती. विंचू काढायचा आणि तिथं नाग ठेवायचा. बसतो का? नाग चावलेल्याच्या पापण्या जड होतात, जीभ अडखळते. विंचू चावलेला बोंबलतो, थयथया नाचतो, आणि बघणाऱ्यांना हसू आवरत नाही. भारूड करणाऱ्याला नेमकं तेच सोंग हवं असतं. रागावलेला माणूसही असाच दिसतो, आणि दाह होतो तो त्याचा त्यालाच. नाग ठेवला की हे सगळं जातं.

शब्द अडला तर शब्दकोश उघडण्याआधी तीच कविता पुढं वाचा. ‘तम’ म्हणजे अंधार एवढंच मुलांना माहीत असतं. पण खाली ‘तमोगुण मागें सारा’ येतं, म्हणजे वरचा तम तिथं उलगडतो. ‘उतारा’ म्हटल्यावर आमच्या पोरांना तलाठ्याकडचा जमिनीचा उतारा आठवतो, नाहीतर परीक्षेतला. इथं चढलेलं विष उतरवायचा उपाय आहे; शेवटी ‘उतरे’ हे क्रियापदही येतंच. ‘इंगळी’ मात्र कोशात बघावी लागते: मोठा, जहरी विंचू. इंगळ म्हणजे निखारा, तोही ऐकताना कानात वाजतो. आणि ‘मनुष्य इंगळी अति दारुण’ म्हणताना नांगी थेट माणसालाच लावली आहे. इथं मी मुलांना घाई करू देत नाही. आतापर्यंत विकार चावत होते, आता माणूस चावतोय. दुसरा की आपणच? दोन्ही वाचून बघा.

पाठभेद दिसले तर घाबरू नका. गाणाऱ्यांच्या तोंडी शब्द थोडे इकडंतिकडं होतात.

शेवटाला जास्त वेळ द्या. सत्त्वाचा उतारा दिला, तमोगुण सारला, तरी ‘किंचित् राहिली फुणफुण’. सगळं बरं झालं असं नाथ लिहीत नाहीत. ती फुणफुण शांत करतो जनार्दन. हे नाथांच्या गुरूंचं नाव, आणि विष्णूचंही. परीक्षेत एकच अर्थ मागतील, तेव्हा गुरू लिहा. घरी म्हणताना दोन्ही राहू द्या.