फुलांच्या प्रदर्शनाला जाताना खोका एकच न्या

थंडी पडली की बेळगावच्या ह्यूम पार्कात बागायत खात्याच्या फळाफुलांच्या प्रदर्शनाची चाहूल लागते. तारीख दरवर्षी तीच नसते, म्हणून डिसेंबरपासून पेपरवर नजर ठेवा आणि जमलं तर पहिल्याच दिवशी सकाळी जा. फुलांच्या त्या मोठमोठ्या आकृत्या पाणी धरणाऱ्या हिरव्या फोममध्ये तोडलेली फुलं खोचून केलेल्या असतात. दोन दिवसांनी हत्तीची सोंड तपकिरी पडायला लागते आणि गर्दीत सेल्फीवाल्यांचे कोपरे खावे लागतात ते वेगळंच.

घरून निघताना एक वही, पाण्याची बाटली, जुने पेपर आणि किराण्याच्या दुकानातला एक उघडा खोका घ्या. एकच. तीन वर्षांपूर्वी मी दोन पोती घेऊन गेले होते. अकरा रोपं घेतली, स्कूटरवर पुढे-मागे कोंबली आणि खानापूर रोडच्या वाऱ्यात घरी येईपर्यंत पिटुनियाच्या पाकळ्यांची चिंधी झाली. उरलेली मी हौसेनं त्याच संध्याकाळी मोठ्या कुंड्यांत लावली. महिन्याभरात त्यातली दोन जगली.

आत गेल्यावर आधी स्पर्धेच्या कुंड्यांकडे वळा, विक्रीच्या मांडवाकडे नाही. एका काडीवर बशीएवढं एकच शेवंतीचं फूल दिसलं की लोक ‘बी कुठलं?’ म्हणून विचारतात. खरी मेहनत खुडण्यात असते. बाजूच्या कळ्या वाटाण्याएवढ्या असतानाच काढल्या की सगळा जोर शेंड्याच्या कळीला मिळतो. कुंडीजवळ माळी उभा असेल तर कळ्या कधी खुडल्या आणि खत कधी थांबवलं, हे दोन प्रश्न विचारा. उत्तरं तिथल्या तिथे वहीत उतरवा, घरी पोचेपर्यंत विसरतात.

पाट्या बहुतेक कन्नडमध्ये असतात. वाचता येत नसेल तर फोटो काढून ठेवा. शेवंतीला सेवंतिगे, झेंडूला चेंडुहूवु, अबोलीला कनकांबर एवढं माहीत असलं तरी निम्मं काम भागतं. बाकीचं विक्रेते सांभाळून घेतात. एकानं मला बजावलं होतं, ‘अक्का, ह्याला नीर जास्ती घालू नका, मुळं कुजतंय बघा.’ आणि ते सगळ्यात उपयोगी वाक्य निघालं.

आता खरेदी. पिटुनिया, पॅन्सी, साल्विया ही हंगामी फुलं. दिसायला झकास, पण आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात संपणार. एक-दोन घ्या, त्याहून जास्त नको. ज्याला फुलं कमी आणि कळ्या जास्त, ते रोप उचला. पान उलटं करून बघा: कापसासारखे पांढरे ठिपके असले तर तो पिठ्या ढेकूण, तुमच्या घरच्या जास्वंदीवर जाऊन बसेल. कुंडीच्या तळाच्या भोकातून मुळांचा झुपका बाहेर आला असेल तर रोप फार दिवस त्याच मापात अडकलंय. गुलाब घेताना कलमाचा सांधा शोधा. त्या गाठीच्या खालून फुटलेली फांदी जंगली खुंटाची असते. ती राहू दिली तर वर्षभरात तीच सगळा जोर खाते आणि कलमाचा गुलाब मागे पडतो.

रोपं खोक्यात उभी ठेवा, मधल्या फटींत चुरगळलेले पेपर ठासा. बसनं जाणार असाल तर खोका मांडीवर, टपावर नाही.

घरी आल्यावर काही करू नका. अवघड जातं, पण आठ-दहा दिवस रोप आहे त्या कुंडीत, सावलीत राहू द्या. मग माती. बेळगाव-खानापूरकडची लाल माती पाणी सोडते, तिच्यात शेणखत सढळ हातानं घाला. बैलहोंगल, अथणीकडची काळी माती पाणी धरून बसते, तिच्यात वाळू मिसळल्याशिवाय कुंडी भरू नका. नर्सरीची रोपं बरेचदा नारळाच्या भुशात असतात. तो गोळा मुळांभोवतीचा हलकेच मोकळा करा, नाहीतर वरची माती ओली आणि आतला गोळा कोरडा ठणठणीत, असा प्रकार होतो. जूनमध्ये खानापूरकडचा पाऊस सुरू झाला की कुंड्या पागोळीखालून हलवा.

शेवंती फुलून गेली की उपटून टाकू नका. मातीपासून चार बोटं ठेवून कापा. बुंध्याशी फुटवे येतात, ते मुळासकट वेगळे करून लावायचे. आमच्या एका कुंडीनं मात्र वर्षभर नुसती पानंच दिली. खत बदललं, जागा सोडून सगळं बदललं. शेवटी शेजारच्या काकूंनी वर बोट दाखवलं: कुंडी गल्लीच्या दिव्याखाली होती. शेवंतीला कळी धरायला लांब, अंधारी रात्र लागते. पुढच्या वर्षी कुंडी मागच्या दारी न्हाणीपाशी ठेवली आणि दिवाळी झाल्यावर पानांच्या बगलेत हिरव्या गाठी दिसायला लागल्या.