सिंहगडावर मुलांकडून माकडांच्या नोंदी कशा करून घ्याव्यात

सहल सिंहगडावर गेली की मुलं माकडांपुढे कणीस धरतात, फोटो काढतात, किंचाळतात. त्याच मुलांच्या हातात वही द्या, अर्धा तास गप्प बसून बघतात.

तयारी वर्गातच करा. माकड आणि वानर आधी वेगळे ओळखता आले पाहिजेत. डोक्याच्या मधोमध भोवऱ्यासारखे केस फुटलेले, ते माकड, म्हणजे बॉनेट मकाक. काळं तोंड, राखाडी अंग, ते वानर. बॉनेट मकाक भारताच्या दक्षिण भागाबाहेर जगात कुठेच नैसर्गिकरीत्या आढळत नाही आणि आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संघटनेच्या, धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत ते 'असुरक्षित' आहे. रोज दिसतं म्हणजे भरपूर आहे, हा समज इथेच मोडा.

मग प्रश्न एकच ठरवा: माकडं झाडावरचं किती खातात आणि माणसांनी दिलेलं किती? चार-चारांचे गट करा. दर 5 मिनिटांनी, त्या क्षणी दिसणारं प्रत्येक माकड काय करतंय ते लिहायचं: खातंय, बसलंय, उवा वेचतंय. एकही दिसलं नाही तर शून्य लिहायचं. मुलं रकाना रिकामा सोडतात, आणि मग पाहिलंच नव्हतं की दिसलं नव्हतं, हे नंतर कळत नाही.

गेल्या हिवाळ्यात सातवीतली एक मुलगी कुजबुजली, "ताई, हे गिळत नाहीये, गालात भरतंय." शेंगदाण्यांनी गाल टम्म फुगला होता. थोड्या वेळाने माकडाने हाताच्या मागच्या बाजूने गाल दाबला आणि एकेक दाणा तोंडात घेतला. वानराच्या गालात अशी पिशवी नसते. हे मी वर्गात सांगून कधीच इतकं लक्षात राहिलं नसतं.

किमान 10 मीटर अंतर ठेवा, डबे गाडीतच राहू द्या. नजरेला नजर देऊ नका. दात दाखवणारं माकड हसत नसतं. चावलं किंवा ओरखडलं तर जखम 15 मिनिटं साबण-पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा, रेबीजची लस टाळू नका.

फोटो तारीख आणि ठिकाणासह आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. लहान मुलांसाठी शिक्षकांचंच खातं वापरा. दर महिन्याला तीच जागा, तीच वेळ. पावसाळ्यात गडाची वाट निसरडी होते, तेव्हा शाळेच्या आवारातले पक्षी मोजा.

आकडे जमले की आधी गडावर कणीस-पेरू विकणाऱ्या मावशींना दाखवा. कुठली टोळी किती वाजता येते, हे त्यांना पाठ असतं. तेही वहीत उतरवून घ्या.