जुन्या केबल आणि चार्जर यांची विल्हेवाट कशी लावावी: पुणेकरांसाठी मार्गदर्शन

घरातील जुन्या केबल आणि चार्जर यांचा प्रश्न बहुधा दसरा-दिवाळीच्या साफसफाईत किंवा भाड्याचे घर बदलताना समोर येतो. टीव्हीखालच्या खणात मोबाइलचे चार्जर, बंद पडलेल्या राउटरचे अडॅप्टर, कधीच्या तरी कॅमेऱ्याबरोबर आलेल्या केबल आणि गणपतीच्या आराशीतील निम्म्या विझलेल्या माळा यांचा एकच गुंता झालेला असतो, आणि हे सगळे सुक्या कचऱ्यात टाकावे की रद्दीवाल्याला द्यावे, असा पेच पडतो. या दोन्ही वाटा टाळाव्यात. हा ई-कचरा आहे आणि त्याची वाट वेगळी आहे. ती का वेगळी आहे हे आधी पाहिले, तर पुढच्या पायऱ्या आपोआप समजतात.

केबलमधील तांब्याला नेहमीच गिऱ्हाईक असते. त्यामुळे आपण केबल कुठेही टाकली, तरी कोणीतरी ती ढिगातून उचलणार आणि तिच्यातील तांबे काढणार, हे जवळपास ठरलेले आहे. प्रश्न उरतो तो तांबे कसे काढले जाणार एवढाच. घराच्या वायरिंगची जाड तार सुरीने सोलता येते. मोबाइलच्या केबलमधील तारा मात्र केसासारख्या बारीक असतात, त्यांच्यावर पातळ आवरणांचे थर असतात, आणि हाताने सोलून मिळणारे तांबे त्या कष्टांच्या मानाने अगदीच थोडे असते. म्हणून अशा केबलचा ढीग करून तो पेटवून देणे हा सोपा मार्ग ठरतो. आवरण पीव्हीसीचे असेल तर त्यात क्लोरीन असते. ते उघड्यावर जळताना हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर निघतो, शिवाय डायऑक्सिन नावाची अत्यंत घातक संयुगे तयार होतात, आणि ती तयार होण्याला खुद्द तांबेच हातभार लावते. जुन्या पीव्हीसी आवरणांत शिशाची संयुगेही मिसळलेली असत. ती राखेबरोबर मातीत उतरतात. या धुराचा पहिला घास असतो तो जाळणारा माणूस आणि त्याच्या आसपास राहणारी वस्ती.

नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्यात हेच काम यंत्रावर होते. केबलचे बारीक तुकडे केले जातात आणि हवेच्या झोताने किंवा हलत्या चाळणीवर जड तांबे आणि हलके प्लास्टिक वेगळे केले जाते. असे तांबे पुन्हा वितळवून वापरता येते आणि कितीही वेळा वितळवले तरी त्याचा कस कमी होत नाही. चार्जरचे प्रकरण याहून किचकट आहे, कारण त्याच्या डबीत सर्किट बोर्ड, वीज साठवणारे कपॅसिटर, फेराइट या चुंबकीय पदार्थाचा गाभा असलेला छोटा ट्रान्सफॉर्मर आणि प्लास्टिक एकत्र असते. हे घटक सुटे करायला योग्य व्यवस्था लागते आणि ती भंगाराच्या दुकानात नसते.

आता प्रत्यक्ष काम. सगळा गुंता एका जुन्या चादरीवर ओतावा आणि सर्वांत आधी ज्यात बॅटरी आहे अशा वस्तू बाजूला काढाव्यात. पॉवर बँक, वायरलेस इअरफोनची डबी, चार्जिंगचा टॉर्च आणि जुने स्मार्ट घड्याळ या वस्तू चार्जरसारख्या दिसल्या, तरी त्यांच्या आत लिथियम बॅटरी असते. कचऱ्याच्या गाडीत असा माल दाबला गेला, तर बॅटरी फुटून आग लागू शकते. बॅटरीसाठी स्वतंत्र नियम २०२२ पासून लागू आहेत, त्यामुळे या वस्तू वेगळ्या पिशवीत ठेवून देताना तसे स्पष्ट सांगावे. सुट्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी. पॉवर बँक फुगलेली दिसली, तर ती दाबू नये, टोचू नये आणि चार्जिंगला तर मुळीच लावू नये. कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, घरातल्या लाकडी सामानापासून दूर ठेवावी आणि लवकरात लवकर पोहोचती करावी.

उरलेल्या वस्तूंमधून चालणाऱ्या निवडायच्या, आणि इथे घाई करू नये, कारण आपल्याला नको असलेला चांगला अडॅप्टर दुसऱ्या कोणाचे तरी बंद पडलेले उपकरण चालू करू शकतो. अडॅप्टरच्या पाठीवरची बारीक अक्षरे भिंगाने किंवा मोबाइलने फोटो काढून मोठी करून वाचावीत. ‘इनपुट’ या ओळीत १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असेल, तर तो आपल्याकडच्या २३० व्होल्टवर चालतो. ‘आउटपुट’ या ओळीत व्होल्ट आणि अँपिअर असे दोन आकडे असतात. व्होल्ट उपकरणाच्या गरजेइतकेच असावे लागतात. अँपिअर मात्र गरजेइतके किंवा त्याहून जास्त असले तरी चालतात, कारण उपकरण आपल्याला लागेल तेवढाच प्रवाह ओढते. ५ व्होल्टच्या उपकरणाला राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर लावला, तर ते उपकरण त्याच क्षणी निकामी होऊ शकते, आणि पिन सारखीच असल्यामुळे ही गफलत सहज होते. गोल पिनेच्या अडॅप्टरवर मध्ये ठिपका आणि भोवती अर्धवर्तुळ असे एक चिन्ह असते. अधिक आणि उणे यांपैकी कोणती बाजू आत आहे हे त्यावरून कळते आणि तीही उपकरणाशी जुळावी लागते.

ओळख पटली की कागदाच्या चिठ्ठीवर ‘राउटर, १२ व्होल्ट’ असे लिहून ती चिठ्ठी त्याच वायरीला चिकटवावी. पुढच्या साफसफाईत हा एक तास वाचेल. सेट टॉप बॉक्स किंवा इंटरनेट कंपनीने दिलेला मोडेम अजून त्यांच्या मालकीचा असेल, तर त्याचा अडॅप्टर टाकून देऊ नये. जोडणी बंद करताना तो परत मागितला जातो आणि न दिल्यास अनामत रकमेतून पैसे कापले जाऊ शकतात.

कोणती वस्तू देऊ नये, हेही तितक्याच काटेकोरपणे ठरवावे. मानेशी फाटलेली केबल, आतली तार दिसणारी केबल, काळे डाग पडलेला किंवा हिंदकळणारी पिन असलेला प्लग, लावल्यावर गुणगुणणारा अथवा जळका वास देणारा चार्जर, या वस्तू ‘अजून चालते’ म्हणून घरकामाच्या मावशींना किंवा इमारतीच्या रखवालदाराला देणे म्हणजे आपला धोका त्यांच्या घरात पाठवणे होय. चिकटपट्टी गुंडाळून दिलेली केबलही याच वर्गात मोडते. दुसरीकडे यूएसबी-सी टोकाची धडधाकट केबल सहसा सोडून देऊ नये. युरोपीय संघाने मोबाइलसह बहुतेक छोट्या उपकरणांसाठी हीच जोडणी २८ डिसेंबर २०२४ पासून सक्तीची केली आहे आणि बाजाराचा कलही तिकडेच आहे. काही स्वस्त केबलमध्ये माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतातच, त्या फक्त चार्जिंगच्या असतात. केबल संगणकाला जोडूनही मोबाइल दिसत नसेल, तर ती मोडीत काढण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

चालणाऱ्या वस्तूंना गिऱ्हाईक शोधणे पुण्यात फारसे अवघड नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर फोटो आणि व्होल्टचा आकडा टाकला की बहुतेक वेळा संध्याकाळपर्यंत कोणीतरी मागणारा निघतो. बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत आणि पासोड्या विठोबाच्या परिसरात इलेक्ट्रिक आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकाने आहेत. तिथल्या दुरुस्ती करणाऱ्यांना सुटे कनेक्टर आणि लॅपटॉपचे चांगले अडॅप्टर उपयोगी पडतात. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात असे चार्जर ढिगाने विकायला असतात खरे, पण तिथून चार्जर विकत घेण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही.

नादुरुस्त म्हणून उरलेल्या वस्तू देण्याआधी फार तयारी लागत नाही. केबल सोडवून सैल वेटोळे करावे आणि त्यावर रबर बँड लावावा. टोके कापू नयेत, आवरण सोलू नये, आणि थोडे तांबे हाती लागावे म्हणून पोरांना त्या कामाला तर अजिबात बसवू नये. चार्जरची डबी फोडून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. आतल्या मुख्य कपॅसिटरवर चालू अवस्थेत सुमारे ३२५ व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. हे कुतूहल महागात पडू शकते. याच खणात पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड किंवा इंटरनेटचे डोंगल सापडले, तर त्यातील माहिती पुसून आणि सिम काढून घेऊन मगच ते द्यावेत. केबलमध्ये माहिती साठत नाही, त्यामुळे तिची चिंता नसावी.

आता हा माल द्यायचा कोठे, हा कळीचा मुद्दा. पुण्यात घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची मोठी सोय आहे. ही संस्था १९९३ मध्ये सुरू झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेच्या कामातून उभी राहिली. आपल्याकडे रोज येणाऱ्या ताईंना ‘ई-कचरा वेगळा द्यायचा आहे, तो कधी आणि कसा घेतला जातो’ असे आधी विचारावे आणि पिशवी त्यांच्या हाती वेगळी, नाव सांगून द्यावी. सुक्या कचऱ्यात न सांगता मिसळलेला चार्जर त्यांच्या वर्गीकरणाचे काम वाढवतो आणि बॅटरी असेल तर त्यांचा हातही पोळवतो. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात किंवा जवळच्या आरोग्य कोठीत, म्हणजे सफाई कर्मचाऱ्यांच्या हजेरीच्या ठिकाणी, चौकशी केली, तर आपल्या भागातील संकलनाची माहिती मिळते. काही स्वयंसेवी संस्थाही शहरात ई-कचरा संकलनाच्या मोहिमा घेतात. त्यांच्या तारखा वर्तमानपत्रांत येतात आणि सोसायट्यांनाही कळवल्या जातात. अनेक मोबाइल आणि लॅपटॉप कंपन्यांच्या सेवा केंद्रांतही जुने चार्जर स्वीकारले जातात. जाण्यापूर्वी फोन करून विचारावे.

या व्यवस्थेमागे कायदा आहे. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले असून त्यांनुसार उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांवर ठरावीक प्रमाणात ई-कचऱ्याच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी आहे, आणि पुनर्चक्रण करणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. म्हणून कोणीही ‘आम्ही ई-कचरा घेतो’ म्हणाले की पिशवी हवाली करू नये. माल पुढे कोणत्या कारखान्यात जातो, त्या कारखान्याची नोंदणी आहे का आणि पावती मिळेल का, हे विचारावे. घरच्या एका पिशवीसाठी इतकी विचारपूस अवघडल्यासारखी वाटते, पण सोसायटीच्या नावाने विचारले की तीच सहज होते. जो किलोमागे रोख भाव सांगतो आणि पुढचे काही सांगत नाही, त्याच्याकडे आपली केबल बहुधा जाळण्यासाठीच जाणार, असे मी धरून चालतो.

सोसायटीत एक झाकणाचा डबा कोरड्या जागी, शक्यतो सुरक्षा चौकीजवळ ठेवणे ही यातली सर्वांत टिकाऊ सोय आहे, कारण दोन चार्जरसाठी कोणी शहरभर फिरत नाही. डब्यावर ‘फक्त केबल, चार्जर, अडॅप्टर आणि विजेच्या माळा. बॅटरी आणि पॉवर बँक कार्यालयात द्यावी’ असे ठळक मराठीत लिहावे, नाहीतर पंधरा दिवसांत त्यात ट्यूबलाइट येऊन पडतात. पावसाळ्यात डबा जमिनीवर ठेवू नये. भरत आला की सचिवांनी संकलन करणाऱ्या संस्थेला बोलवावे, माल वजन करून द्यावा आणि पावतीची प्रत सूचनाफलकावर लावावी.