विषुववृत्तावर गेलात तर रेघ स्वतः शोधा

जमिनीवर आखलेल्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून फोटो काढायच्या आधी जरा मोबाइल बघा. इक्वेडोरमध्ये क्वितोजवळ ‘मिताद देल मुंदो’ हे मोठं स्मारक आहे. तिथली रेघ खऱ्या विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २४० मीटरवर आहे. म्हणून मी म्हणेन, रेघ आपली आपण शोधावी.

अक्षांश दशांशात, पाच स्थळांपर्यंत दाखवणारं जीपीएस अ‍ॅप घ्या. रेखांशाकडे बघायची गरज नाही. शेवटचा आकडा एकाने बदलला म्हणजे तुम्ही साधारण १.१ मीटर सरकलात. झाडं-इमारतींपासून दूर, मोकळ्या आकाशाखाली उत्तर-दक्षिण चालत राहा. मोबाइलचं मोजमाप काही मीटर इकडेतिकडे होतंच, त्यामुळे एकदा शून्य दिसलं म्हणून थांबू नका. उत्तरेकडून या, आकडा उणे होईल तिथे खूण करा. मग दक्षिणेकडून या, उणे चिन्ह जाईल तिथे खूण करा. असं चार-पाच वेळा केलं की सगळ्या खुणांचा मध्य धरा.

मला सगळ्यात जास्त भरवसा काठीचा वाटतो. एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा आणि सावली सर्वांत आखूड होते तो क्षण पकडा. घड्याळातल्या बारावर जाऊ नका, स्थानिक मध्यान्ह पुढेमागे असते. २० मार्च किंवा २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास सावली जवळजवळ नाहीशी होते. २१ जूनला ती दक्षिणेला सुमारे ४३ सेंटीमीटर पडते, २१ डिसेंबरला तेवढीच उत्तरेला. दोन्हीकडे सारखी सावली विषुववृत्तावरच मिळते. रात्री मृग नक्षत्रातला त्रिकांड बाण, म्हणजे एका ओळीतले तीन तारे, बघा, तो जवळपास थेट डोक्यावरून जातो. ध्रुवतारा मात्र क्षितिजाला टेकलेला असतो, त्यामुळे दिसणं कठीण.

रेघेच्या अलीकडे-पलीकडे घमेल्यातलं पाणी उलटसुलट फिरवून दाखवतात, त्याला पुरावा मानू नका. विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या फिरण्याचा तसा परिणाम जवळजवळ शून्य असतो. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात प्राध्यापक आशर शपिरो यांनी १९६२ साली तो टाकीत दाखवला, तेव्हा पाणी आधी चोवीस तास निवांत ठेवावं लागलं होतं, आणि ते ठिकाण ४२ अंश उत्तरेला होतं. घमेल्यात पाणी कुठल्या बाजूने ओतलं जातंय, तेवढं नीट बघा.