सॅम्पलरवर पहिला बीट: ढोलकीच्या दोन थापांतून

सॅम्पलर (आवाज टिपून ते बोटांनी वाजवू देणारं यंत्र) घरी आला की पहिला आठवडा त्यातले तयार आवाज वाजवण्यातच जातो. तो मोह टाळा. ढोलकीच्या दोन थापा पुरतात: एक खर्जाच्या बाजूची, एक शाईच्या बाजूची. पंखा बंद करा, माइक वीतभर लांब ठेवा आणि आवाज घेताना पातळी लाल दिव्याला शिवू देऊ नका.

आता ट्रिम, म्हणजे टिपलेल्या आवाजाची छाटणी. इथेच घाई होते. रेकॉर्ड दाबल्यापासून थाप पडेपर्यंतची शांतता आवाजाच्या आधी चिकटलेली असते. ती कापली नाही, तर बोट अचूक पडूनही ठेका मागे राहतो आणि आपण उगाच स्वतःच्या हाताला बोल लावतो. लहर उसळते तिथपर्यंत सुरुवातीचा बिंदू सरकवा. फार पुढे गेलात की ‘धुम’चं नुसतं ‘उम’ उरतं. मग किंचित मागे या.

खर्जाची थाप दोन-तीन सेमीटोन (पेटीवरच्या लागोपाठच्या पट्ट्यांइतकं अंतर) खाली उतरवली की ती किकचं, म्हणजे ड्रमसेटमधल्या पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचं, काम करते. शाईची थाप म्हणजे स्नेअर, ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम. हाय-हॅट (झांजांची जोडी) मात्र यंत्रातलाच घ्या. उघडा आणि बंद हॅट एकाच म्यूट ग्रुपमध्ये टाका, म्हणजे बंद वाजताच उघडा गप्प होतो.

टेम्पो 90 (मिनिटाला 90 मात्रा), दोन बारचा (चार-चार मात्रांचा) लूप, मेट्रोनोम चालू. किक पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, दुसऱ्या बारमध्ये जास्तीची एक अडीचाव्या मात्रेवर. स्नेअर दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर. मग ओव्हरडबवर (आधीचं न पुसता वर भर घालत) हॅट, एका मात्रेत चार. क्वांटाइझ, म्हणजे ठोके आपोआप जागेवर बसवणं, 1/16 वर (मात्रेच्या चौथ्या भागावर) ठेवा.

एवढं झालं की बीट बरोबर असतो, पण निर्जीव. त्यात जीव येतो स्विंगने, म्हणजे जोडीतला दुसरा ठोका जरा उशिरा पाडण्याने. रॉजर लिन यांनी घडवलेल्या आकाई एमपीसी 60 या 1988 च्या यंत्रात एका मात्रेचे 96 भाग होत, म्हणजे हॅटच्या दोन ठोक्यांना मिळून 48. स्विंगचा आकडा म्हणजे त्यातला पहिल्या ठोक्याचा टक्केवारीतला वाटा: तो 50 वर असेल तर वाटणी 24-24. 54 वर नेलं की साधारण 26-22. दुसरा ठोका जेमतेम 14 मिलिसेकंद उशिरा पडतो, पण मान लगेच डोलते. 66 वर 32-16, म्हणजे सरळ तिस्र जातीचा (तिनाच्या वाटणीचा) झोका. माझ्या कानाला 58 च्या पुढे ढोलकी झिंगल्यासारखी वाटते. तुम्ही लूप चालू ठेवून एकेक आकडा बदलत ऐका.

मग क्वांटाइझ बंद करून शाईच्या दोन-तीन हलक्या थापा हाताने मधे टाका. त्या चुकल्या तरी राहू द्या. हॅटचाही प्रत्येक ठोका सारख्या जोराचा नको.

सिक्वेन्सची, म्हणजे या तयार लूपची, नक्कल करा, नकलेतून किक काढा, मूळ तीनदा आणि नक्कल एकदा अशी साखळी लावा.

आणि सेव्ह करा. बऱ्याच जुन्या यंत्रांची मेमरी वीज जाताच कोरी होते. माझ्या एका दुपारी लाइट गेली, ती परत आल्यावर तोच बीट पुन्हा वाजवायला बसलो. आकडे सगळे आठवत होते, त्या हलक्या थापा काही केल्या आल्या नाहीत.